कंपनीत एकच चूक परत परत होते, मूळ कारण कसं शोधायचं?

अंधेरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी ११ वर्षं डिस्पॅच बघितलाय, म्हणून लिहितोय. तुम्ही म्हणताय दर वेळी रिपोर्टमध्ये 'मानवी चूक' लिहून विषय बंद करतात. माझ्या मते असं लिहिलं म्हणजे कोणी शोधलंच नाही.

आमच्याकडे रात्रपाळीत चुकीचे खोके जायचे. ३ महिन्यांत ४ वेळा भिवंडीच्या गोडाऊनवरून माल परत आला. मॅनेजरने पॅकिंगच्या एका पोराला मेमो दिला, एक दिवसाचा पगार कापला, आणि त्या मेमोवर सुपरवायझर म्हणून सही माझी होती, ती मला अजून खुपते. पाचव्यांदा झालं तेव्हा मी स्वतः रात्री थांबलो. दोनच्या सुमाराला तो पोरगा खोका उचलून ट्यूबलाइटखाली घेऊन गेला आणि मलाच विचारतो, "दादा, हा तीन आहे का आठ?" मी चष्मा पुसून बघितलं तरी कळेना. लेबल प्रिंटरचं हेड गेलेलं, शेवटच्या आकड्याच्या डाव्या अंगाला पांढरी रेघ यायची आणि इंग्रजी आठाचा सरळ तीन व्हायचा. दिवसा ऑफिसमधला दुसरा प्रिंटर वापरायचे, रात्री ऑफिसला कुलूप. नव्या हेडची मागणी ५ महिन्यांपासून मॅनेजरच्या टेबलावर पडून, का तर खर्च कमी करायचाय.

टोयोटा कंपनीतले इंजिनिअर ताइची ओनो यांचं, मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा 'का' विचारायचं उदाहरण तुम्ही वाचलंच असेल, मशीन बंद पडलं फ्यूज उडाला म्हणून, पण खोदत गेलं तर मशीनला तेल देणाऱ्या पंपाला जाळीच नव्हती, आत लोखंडाचा कीस जात होता. फ्यूज बदलून घरी गेले असते तर परत उडालाच असता. आमच्या मीटिंगमध्ये मी तेच करत होतो, चौथ्या 'का'ला मॅनेजर साहेब म्हणाले, "पुरे आता, पोरांचं ट्रेनिंग घ्या." कारण पाचवा त्यांच्या सहीवर जात होता.

म्हणून चूक ज्या वेळेला होते त्याच वेळेला तिथे जाऊन उभे राहा, आणि शिक्षा होणार नाही हे आधी सांगा, नाहीतर कोणी तोंड उघडणार नाही. हां, कधी कधी माणूस खरंच हलगर्जी असतो, आणि कारणं एकापेक्षा जास्त असली तर पाच 'का' पुरत नाहीत, मग जपानी तज्ज्ञ इशिकावांचा माशाच्या काट्यांसारखा तक्ता काढा, माणूस, मशीन, माल, पद्धत सगळं वेगवेगळं मांडून.

त्या पोराचा पगार मी भांडून परत मिळवून दिला, मेमो मात्र फाइलमध्येच राहिला. तुमच्याकडेही असे जुने मेमो असतील, ते आधी काढा आणि प्रत्येकावरची पाळी बघा.