मागून कोण ठोकतंय?

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. माझी पाच दारांची पेट्रोल गाडी 2013 ची, 92,000 किलोमीटर झालेली. चार महिन्यांपासून मागून 'टक्‌-टक्‌' आवाज येतोय. गतिरोधक तिरका ओलांडला, किंवा विटा रस्त्याला समोरून उसाची ट्रॉली आली म्हणून एक बाजू साइडपट्टीवर उतरवली, की हमखास. महामार्गावर गाडी गप्प. मागे तिघं बसली की आवाज निम्म्यावर. मागचे दोन्ही शॉकअप बदलले, मजुरीसह 4,800 रुपये गेले, आवाज आहे तिथंच. एका गॅरेजात लिफ्टवर चढवून चाकं हलवून पाहिली, म्हणाले काही नाही. दुसऱ्यानं 'डिफरन्शियल गेलं' सांगून मोठा खर्च काढला. घरचे म्हणतात विकून टाका. काय करू?
– एक शिक्षक, कराड

उत्तर : गुरुजी, आधी ते डिफरन्शियलचं भूत उतरवू. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते. तिचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटून देणारे गिअर, बॉनेटखाली, गिअरबॉक्सच्याच पोटात असतं. मागची चाकं नुसती पाठोपाठ येतात. मागं नसलेली वस्तू मागून वाजणार कशी? बोलेरो किंवा ओम्नी असती तर मी ऐकून तरी घेतलं असतं. त्यांची ताकद मागच्या चाकांना जाते, मधे ती ताकद मागं नेणारा लांब दांडा, प्रोपेलर शाफ्ट, असतो आणि त्याच्या सांध्यातला क्रॉस झिजला की गिअर टाकून क्लच सोडताना 'टक्‌' होतं. पण तेही क्लच सोडताना, साइडपट्टीवर उतरताना नव्हे.

आवाज कधी येतो आणि कधी येत नाही, दोन्ही तुम्ही लिहिलंत, ते फार बरं केलंत. आमच्याकडं बहुतेक माणसं 'मागं वाजतंय' एवढं बोलून किल्ली टेबलावर ठेवतात आणि चहाला जातात.

तुमचा आवाज वेगाबरोबर वाढत असता, चाकाच्या फेऱ्याबरोबर तालात 'टप-टप-टप' येत असता, तर मी गाडी आहे तिथंच थांबवा म्हटलं असतं. चाकाचे नट ढिले झाले की असा आवाज येतो, टायरला फुगा आला तरी येतो. तुमच्या आवाजाला तसा ताल नाही. तरीपण आज शाळेतून निघायच्या आधी नटांना पाना लावून बघाच. शॉकअप टाकताना चाकं काढली असणार, आणि काढलेलं चाक परत नीट आवळलंच जातं असं मी माझ्या पोरांबद्दलसुद्धा छातीठोक सांगत नाही.

दुसरं, डिकी रिकामी करा. अगदी रिकामी. स्टेपनी, जॅक, टॉमी, पाण्याचा कॅन, सगळं बाहेर. हसू नका. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा आवाज शोधायला मी दोन तास घालवले होते. डावीकडं वळलं की उजव्या कोपऱ्यात 'ठक्‌'. मागची दोन्ही चाकं उतरवली, ड्रम खोलले, लायनर पाहिले. शेवटी पोरगं स्टेपनी काढायला गेलं आणि तिच्याखालून दसऱ्याच्या पूजेचा नारळ निघाला. वाळून गोटा झालेला, आत खोबरं खुळखुळत होतं. मजुरी घ्यायची मलाच लाज वाटली. मागच्या सीटच्या पाठीची खिट्टीही बघा. ती सैल असली की लोखंडावर लोखंड आपटतं, आणि पाठीला माणूस टेकला की आवाज दबतो. तिघं बसल्यावर तुमचा आवाज कमी होतो, म्हणून हे सांगतोय. सीटची पाठ आडवी पाडून एक चक्कर मारा.

एवढं करूनही वाजलं तर माझा संशय लॅटरल रॉडवर आहे. तुमच्या गाडीचं मॉडेल मी मुद्दाम छापत नाही, पण तिच्या मागं एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सरळ ॲक्सल आहे. हा ॲक्सल डावा-उजवा सरकू नये म्हणून एक आडवा रॉड असतो. एक टोक ॲक्सलला, दुसरं बॉडीला, दोन्हीकडं रबरी बुश, म्हणजे बोल्टाभोवतीची रबराची नळी. बुश झिजलं की बोल्ट आतल्या आत खेळतो. एकच चाक वर-खाली झालं की ॲक्सलला आडवा हिसका बसतो आणि बोल्ट ठोकतो. तिरका गतिरोधक आणि साइडपट्टी, दोन्हीकडं नेमकं हेच होतं. मागं माणसं बसली की बॉडी खाली येते, रॉडचा कोन बदलतो आणि बुश एका अंगाला दाबून बसतं. (काही गाड्यांत सरळ ॲक्सलऐवजी मागची दोन चाकं जोडणारा, पीळ खाणारा आडवा बीम असतो. अशा टॉर्शन बीमच्या गाडीत हा रॉड नसतोच; तिथं बीमच्या पुढच्या दोन टोकांची बुशं बघायची.)

मग लिफ्टवर का नाही सापडलं? कारण लिफ्टवर चाकं लोंबतात. गाडीचं वजन चाकांवर नसतं, बुश भलत्याच जागी ताणलेलं असतं आणि शहाण्यासारखं गप्प बसतं. गाडीखाली उतरून काम करायला जमिनीत खड्डा असलेलं गॅरेज शोधा, चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. एकानं बाहेर उभं राहून मागच्या बाजूला, खिडकीच्या वरच्या अंगाला तळवे टेकून गाडी आडवी डोलवायची. दुसऱ्यानं खाली खड्ड्यात टॉर्च धरून रॉडच्या टोकाला बोट नुसतं टेकवायचं, फटीत घालायचं नाही. बुश गेलं असेल तर डोळ्याला दिसायच्या आधी 'टक्‌' बोटाला कळतो. आवाज डावीकडून येतो असं वाटलं तरी उजवं टोकही बघा; पत्र्यातून आवाज कुठल्या कुठं जातो.

बुश गेलेलं निघालं तर अख्खा रॉड घेतलात तरी शॉकअपपेक्षा स्वस्तात सुटाल. पण बसवताना स्वतः उभे राहा. नट हवेत नुसते लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, मागून दोनदा दाबायची आणि मगच पूर्ण आवळायचे. चाकं लोंबत असताना आवळले तर गाडी खाली आल्याबरोबर रबराला पीळ बसतो आणि तो पीळ घेऊनच ते चालतं. काही महिन्यांत फाटतं, आणि तुम्ही मला पुन्हा हेच पत्र लिहाल. शॉकअपची खालची बुशंही त्याच वेळी ढिली करून, चाकांवर उभ्या गाडीत परत आवळून घ्या. ती कशी आवळली होती कोण जाणे.

रॉड चांगला निघाला तर साताऱ्याला या. सकाळी माझ्या खड्ड्यावर ट्रॅव्हलच्या गाड्या असतात, चारनंतर या. डिकी रिकामीच ठेवा, आणि मागं बसायला कुणाला आणू नका.