'हुशार गाळणी' की 'प्रतिसादी पटल'?

नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यातल्या अभियंता ताईंनी वडोदऱ्यातल्या एका मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिला आहे. विषय आहे मिश्रणातली रसायनं वेगळी करणारी 'स्मार्ट फिल्टरेशन मेम्ब्रेन'. संपादकांनी त्याचं 'हुशार गाळणी' केलं. ताईंना ते खटकलं. त्यांनी विचारलंय की गाळणी नाही तर मग काय, आणि हिंदीतली 'झिल्ली' घेतली तर चालेल का.

ताई, तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे, आणि त्याचं मूळ 'गाळणे' या क्रियापदात आहे. 'पाणी गाळलं' म्हणजे खाली उतरलं ते आपलं, वर उरला तो गाळ. 'यादीतून नाव गाळलं' म्हटलं की उलट होतं, जे गाळलं तेच गेलं. पण दोन्हीकडे एक गोष्ट ठेवायची आणि दुसरी टाकायची, हे ठरलेलं. तुमच्या कारखान्यात असं नसतं. बेंझिन 80.1 अंश सेल्सिअसला उकळतं आणि सायक्लोहेक्झेन 80.7 अंशांना. एवढ्या थोड्या फरकावर साध्या ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून निघालेली वाफ थंड करून, ते दोन वेगळे होत नाहीत, आणि दोन्ही विकाऊ माल आहेत. यातला गाळ कोणता म्हणायचा?

दुसरी अडचण छिद्रांची. गाळणी म्हटलं की भोकं आली, आणि भोकापेक्षा मोठं ते अडणार, लहान ते जाणार. सूक्ष्म कण किंवा जिवाणू अडवणाऱ्या मेम्ब्रेनपुरतं हे खरं आहे. पण अल्कोहोलमधलं पाणी काढायचं काम बघा. ऊर्ध्वपातन करत गेलं की वजनाने सुमारे 95.6 टक्क्यांवर इथेनॉल अडतं, पुढे वाफेत आणि द्रवात प्रमाण सारखंच राहतं. तिथे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर वापरतात. त्या थराला नाव घेण्यासारखी भोकं नसतात. पाण्याचे रेणू त्या थरात विरघळतात, पलीकडे सरकतात आणि वाफ होऊन निघतात. इथेनॉलला तो थर तितकासा जवळ करत नाही. इथे आकाराच्या बरोबरीने, कित्येकदा आकाराहून जास्त, त्या थराला कोण मानवतं हे महत्त्वाचं ठरतं. मराठीत याला 'निवडणे' म्हणतात. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत पेशीच्या आवरणाला 'निवडक्षम पारपटल' म्हटलंय, ते मला फार नेमकं वाटतं. ज्याने तो शब्द बसवला त्याला क्रियापदांची जाण होती.

म्हणून वस्तूसाठी 'पटल' घ्या. हा तर जीवशास्त्रातला शब्द, असा आक्षेप येईल. पण ही वस्तूच मुळात तिथून आली आहे. 1748 साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झां-आंत्वान नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या भांड्याचं तोंड डुकराच्या मूत्राशयाने बांधून ते पाण्यात ठेवलं. पाणी आत शिरलं आणि तो पडदा फुगून ताठ झाला. परासरणाच्या, म्हणजे पडद्यातून पाणी आपोआप सरकण्याच्या, अभ्यासात हाच प्रयोग आधी सांगतात. आपल्या गावात तर 'पटल'ला आणखी एक सोय आहे: गुजराती शाळेत शिकलेली मुलं 'कोषकेंद्रपटल' ओळखतात. 'झिल्ली' हिंदीत पक्की रुळली आहे, मात्र मराठी वाचक तिथे थबकतो. 'पडदा' कानाला शोभतो, पण त्यात आड येण्याचा, झाकण्याचा अर्थ जास्त.

'पापुद्रा' मात्र टाकू नका. घरच्या आरओ यंत्रातलं निकामी मेम्ब्रेन कापून उलगडून पाहा. मधे भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती गुंडाळलेल्या पांढऱ्या पानांच्या घड्या, दोन पानांमध्ये प्लॅस्टिकची जाळी. पानाची एक बाजू तुकतुकीत लागते, दुसरी कापडासारखी. खाली पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड, त्यावर पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर, आणि त्यावर पॉलिअमाइडचा थर, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास जाडीचा. क्षार अडवण्याचं काम तो वरचा थरच करतो. त्याला 'पापुद्रा' म्हणा आणि सगळ्या पानाला 'पटल', म्हणजे लेखात दोन्ही गोष्टी वेगळ्या राहतील.

आता 'स्मार्ट'. 'हुशार' म्हटलं की वाचकाला वाटतं आत कुठेतरी चिप आहे. इथे विचार करणारं कोणी नाही. अशा सच्छिद्र पटलाच्या छिद्रांच्या कडांना काही बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) साखळ्या जोडलेल्या असतात. त्यातलं पॉलि-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइड सुमारे 32 अंशांखाली पाणी पिऊन फुगतं आणि छिद्र बुजवतं. त्याहून ऊब वाढली की आक्रसतं आणि वाट मोकळी होते. पॉलिॲक्रिलिक आम्ल हेच काम सामूवर (pH वर) करतं: आम्लात आक्रसतं, अल्कलीत फुगतं. प्रकाशाने उघडझाप करणारी पटलंही प्रयोगशाळांत बनली आहेत. शाळेत 'उद्दीपन' आणि 'प्रतिसाद' ही जोडी आपण शिकलो आहोत, तेव्हा 'प्रतिसादी पटल' हा शब्द तयारच आहे. शीर्षकात मात्र एकदा 'स्मार्ट मेम्ब्रेन' येऊ द्या, नाहीतर कारखान्यातले तुमचे सहकारी लेख ओलांडून जातील.

वेगळं करण्याच्या क्रियेला नाव देताना जपा. 'पृथक्करण' जुन्या मराठीत रासायनिक तपासणीसाठी वापरलं जाई, आणि 'विलगीकरण' 2020 पासून आजाऱ्याच्या खोलीत जाऊन बसलं आहे. मी सरळ 'वेगळं करणं' लिहिलं असतं. साधं क्रियापद असताना नाम घडवायची गरज नाही. याच वडोदऱ्यात रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी 1890 साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली, तेव्हा रंग आणि रसायनाचं शिक्षण देशी भाषेत द्यायचा आग्रह होता. 1931 सालच्या 'सयाजी शासन शब्दकल्पतरू'त राज्यकारभारातल्या शब्दांचे अनेक भाषांतले पर्याय शेजारी शेजारी छापले गेले. या गावाने शब्द पारखून घेतले आहेत, तेव्हा तुम्ही संपादकांशी जरूर वाद घाला.

त्यांना दाखवायला एक वाक्य देतो: 'हे प्रतिसादी पटल थंड असताना मिटलेलं राहतं आणि 32 अंशांच्या वर गेलं की मिश्रणातला निवडलेला घटक पलीकडे जाऊ देतं.' आणि लिंगाबद्दल विचारलंत, तर 'पटल' नपुंसकलिंगी, म्हणून लेखात 'मेम्ब्रेन'ही तसंच चालवा: ते मेम्ब्रेन, ती मेम्ब्रेनं.