धर्म सोडलेले लोक परत का येतात, आणि काही जण कधीच का येत नाहीत?

तुमचा प्रश्न असा की लोक जन्माचा धर्म का सोडतात, सोडल्यावर काही वर्षांनी परत का येतात, आणि म्हणजे त्यांची श्रद्धा दोनदा बदलते का. श्रद्धेचं नंतर बोलू. माझं मत विचाराल तर यात देव फार उशिरा येतो हो, आधी येते पंगत. कोण आपल्याला शेजारी बसवून जेवू घालतं आणि कोण आपल्या घरात मुलगी देतं, जाणं आणि परतणं दोन्ही बरंचसं यावर ठरतं. हे हवेतलं नाहीये, आपल्याच इतिहासात याची उदाहरणं पडलीयेत.

नेताजी पालकरांचं सगळ्यांना माहीत असतं पण अर्धंच. हे शिवाजी महाराजांचे सेनापती. महाराजांशी बिनसलं, मग विजापूरकरांकडे आणि तिथून मोगलांच्या मिर्झाराजांकडे गेले, आणि 1666 मध्ये महाराज आग्र्याहून निसटले तशी औरंगजेबाने यांना धरायला लावलं. दिल्लीला नेऊन मुसलमान केलं, नाव महंमद कुलीखान, आणि पाठवलं थेट काबूलकडे. जवळजवळ दहा वर्षांनी दिलेरखानाच्या फौजेबरोबर दख्खनेत आले आणि 1676 ला परत महाराजांकडे. प्रायश्चित्त देऊन घेतलं. आता हे गेले ते श्रद्धेने नाही आणि आले तेही काही ग्रंथ वाचून नाही. पण परत येता आलं, कारण दारात उभा असलेला माणूस छत्रपती होता, त्याने घेतलं म्हटल्यावर नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. फलटणच्या बजाजी निंबाळकरांची गोष्टही अशीच सांगतात, त्यांना परत घेतल्यावर महाराजांनी आपली मुलगी सखुबाई त्यांच्या मुलाला दिली. मला यात सगळ्यात हुशारीचं काही वाटत असेल तर ते हे. शुद्धीचे मंत्र भटजी म्हणेल, पण लोकांचा विश्वास बसतो सोयरीक झाल्यावर.

छत्रपती पाठीशी नसले की काय होतं ते मुंबईत 1843 ला दिसलं. नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याच्या मागोमाग धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. श्रीपत अज्ञान, म्हणून बाप कोर्टात गेला आणि कोर्टाने पोरगा बापाच्या ताब्यात दिला. झालं, केस जिंकली! पण पोरगा मिशनऱ्यांच्या घरी जेवलेला. आता याला जातीत घ्यायचा कसा? बाळशास्त्री जांभेकर, म्हणजे दर्पण हे मराठी वर्तमानपत्र काढणारे, त्याच्यामागे उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन घ्या म्हणाले, तर सनातनी मंडळींनी असा गदारोळ केला की मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. बारा-तेरा वर्षांचं पोर, त्याचा बाप्तिस्माही झाला नव्हता, भांडण फक्त त्याने कोणाच्या हातचं खाल्लं यावर. मोठा भाऊ नारायण मात्र परत आला नाही, पुढे पाद्री होऊन जालन्याकडे आयुष्यभर काम करत राहिला. धाकट्याचे हाल बघून कोण येईल परत?

गोव्यातलं उदाहरण तर याहून मोठं आहे आणि महाराष्ट्रात ते फार लोकांना माहीत नसतं. पोर्तुगीजांच्या काळात बाटलेल्या गावडे या तिथल्या जुन्या जमातीच्या लोकांपैकी हजारो लोक 1928 मध्ये मसूरकर महाराजांच्या पुढाकाराने परत हिंदू झाले. आजूबाजूला राज्य पोर्तुगीजांचं, मसूरकरांना अटकही झाली, तरी लोक आले. तीन-साडेतीनशे वर्षांनी! पण पुढे? जे गावडे कधी बाटलेच नव्हते त्यांनी यांना पंक्तीला आणि सोयरिकीला घ्यायला खळखळ केली, आणि मग नवहिंदू गावडे म्हणून एक तिसराच गट तयार झाला, बाकीचे हिंदू गावडे आणि ख्रिस्ती गावडे. लग्नं पुष्कळ काळ आपसातच. म्हणजे देवळात घेतलं, घरात नाही घेतलं.

आता उलट बाजू. गेले आणि परत येणारच नाहीत असे. बाबासाहेबांनी 1927 ला महाडच्या तळ्याचं पाणी पिऊन पाहिलं, 1930 पासून नाशिकला काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह झाला, वर्षानुवर्षं चालला, दार काही उघडलं नाही. मग 1935 ला येवल्यात सांगून टाकलं की हिंदू म्हणून जन्मलो ते माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. आणि तरी प्रत्यक्ष दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरला. मध्ये 21 वर्षं! रागाने जाणारा माणूस एवढा थांबत नाही. शीख धर्माचा विचार झाला, बाकीचेही पाहिले, मग बुद्ध. आणि 22 प्रतिज्ञा नीट वाचा, पहिलीच ब्रह्मा विष्णू महेश यांना देव मानणार नाही अशी आहे, पुढे राम-कृष्ण, गौरी-गणपती, श्राद्ध, पिंडदान, एकेक करून सगळं. माझा समज असा की मागचा दरवाजा आपल्या हाताने बंद करून घेतल्यासारखं आहे ते, कारण त्यांना पक्कं माहीत होतं की माणूस तत्त्वज्ञानाने परत खेचला जात नाही, सणावारांनी खेचला जातो.

याची किंमतही मोजली लोकांनी. अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना 1990 पर्यंत नव्हत्या, म्हणून कागदावर एक धर्म आणि घरात दुसरा असं कितीतरी घरांत चाललं. त्याला कोणी परत येणं म्हणत असेल तर म्हणो, मी नाही म्हणत. 2011 च्या जनगणनेत देशात 84 लाखांच्या आसपास बौद्ध होते, त्यातले 65 लाख एकट्या महाराष्ट्रात.

पण माणूस आतून एकदम कोरा होतो असंही नाही बरं का. माझ्या एका विदर्भातल्या मित्राची आजी, छप्पन साली घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडून आलेली, बुद्धवंदना तोंडपाठ, पण नातवाला ताप चढला की पदर डोक्यावर घेऊन दाराबाहेर भाकरतुकडा उतरून टाकायची. मित्र चिडायचा, आजी हे चालत नाही आपल्यात. तर ती म्हणायची, "हे देवाचं नोहे बाप्पा, हे तापाचं हाय."

माझं स्वतःचं सांगायचं तर मी धर्म वगैरे सोडला नाही, माळ काढली. सातारकडचं माळकरी घर आमचं, पुण्यात हॉस्टेलला आल्यावर भुर्जीपावाच्या गाडीपाशी श्रद्धा संपली, खोटं कशाला सांगू. त्याला नंतर पुस्तकं वाचून नास्तिकपणाची जोड दिली, पण क्रम आधी भुर्जी मग पुस्तकं असाच होता. वडील ओरडले नाहीत. म्हणाले खा काय खायचं ते, फक्त घरातल्या तव्यावर नको. आणि त्या एका वाक्याने मी बाहेरही पडलो नाही आणि आतही राहिलो नाही. बऱ्याच वर्षांनी त्यांचे गुडघे गेले आणि एकट्याला वारीला सोडणं बरं दिसेना म्हणून मी लोणंदपासून पुढे बरोबर चालायला लागलो. चांदोबाच्या लिंबाला रिंगण पाहिलं, तरडगावला दिंडीच्या पंगतीत बसलो, वाढणाऱ्या माऊलींनी माझ्या पानात पिठलं ओतताना गळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोणी विचारलं असतं ना, की काय रे, माळ कुठाय, तर मी तिथूनच एसटी पकडली असती. आता दर वर्षी तेवढा टप्पा जातो. माळ परत घातलेली नाही, विठ्ठल आहे का नाही याबद्दलचं माझं मत होतं तिथंच आहे.

मग श्रद्धेने कोणी जातच नाही का? जातात की. कवी नारायण वामन टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले ते कोणी मारून-मुटकून नाही, पैशासाठी तर नाहीच. त्यांच्या बायको लक्ष्मीबाई आधी माहेरच्या माणसांत राहिल्या, कित्येक वर्षांनी नवऱ्याकडे गेल्या तरी सोवळं वेगळं सांभाळलं, आणि मग स्वतः विचार करून 1900 ला बाप्तिस्मा घेतला. हा खरा श्रद्धेचा बदल. आणि टिळक परत आले का? चर्च सोडून देवळात नाही आले, पण ख्रिस्ताची भजनं लिहिली ती अभंग-ओवीच्या वळणाची, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं म्हणायचे. शेवटी 1917 मध्ये मिशनचा पगारही सोडला आणि देवाचा दरबार नावाचा आपला वेगळा भक्तमेळा सुरू केला. अशा माणसाला गेलेल्यांत धरायचं का परतलेल्यांत, मला तरी सांगता येत नाही.

बाकी अमेरिकेत गेल्यावर गणपती बसवायला लागलेले, पोरं झाल्यावर शुभंकरोति आठवलेले, हे प्रकार सगळ्यांनी बघितलेत, त्यावर जास्त लिहीत नाही. माणसं हवी असतात, आणि माणसं आरतीला भेटतात, एवढाच हिशोब आहे.

म्हणून श्रद्धा दोनदा बदलते का, तर बहुतेकांची एकदाही बदलत नाही असं माझं उत्तर. आणि हल्ली बातम्या येतात ना, अमुक गावात इतक्या लोकांनी धर्म बदलला, तमुक ठिकाणी इतके परत आले, त्यात फोटो असतो होमाचा नाहीतर प्रार्थनेचा. मला त्यात एकच माहिती हवी असते आणि तीच कधी छापत नाहीत, की आता यांच्या पोरींची लग्नं कोणाच्या घरात होणार आहेत.