चहातले थेंब

भांडुपहून एक मुलगी लिहिते: "दादा २९ वर्षांचा आहे. मागच्या दिवाळीत त्याला सायकोसिस झाला. शेजारचे भिंतीतून आपल्यावर पाळत ठेवतात म्हणायचा, रात्र रात्र जागायचा. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर महिनाभर गोळ्या घेतल्या आणि 'मी ठणठणीत आहे' म्हणून बंद केल्या. तेव्हापासून आई त्याच्या चहात औषधाचे थेंब घालते. तो शांत आहे, पण परवा कप हुंगून त्याने तसाच सरकवला. मावशी, सांगून टाकू की चालू ठेवू?"

सांगायचं. पण आज जेवताना नाही, आणि उद्यापासून थेंब एकदम बंद करूनही नाही.

आईला बोल लावू नकोस. तशा रात्री घरात ज्यांनी काढल्या त्यांनाच ते ठाऊक. हा चोरटा उपाय कितीतरी घरांत चालतो. तरीही बघ, 'माझ्या खाण्यात कोणीतरी काहीतरी घालतंय' असा संशय या आजारात अनेकांना येतो, आणि तुम्ही खरंच काहीतरी घालताय. उद्या त्याने पकडलं तर तो भ्रम होता असं कोणत्या तोंडाने सांगाल? शिवाय अर्धा कप उरला की अर्धा डोस गेला. थेंब रिस्पेरिडोन या औषधाचे असतील तर ते चहात चालतच नाहीत. आणि थेंबांची सुस्ती, वाढलेलं वजन त्याला जाणवत असणारच. कारण माहीत नसल्याने तो त्याचाही वेगळाच अर्थ लावेल.

आधी तू आणि आई त्याच्या डॉक्टरांना भेटा आणि थेंबांचं खरं सांगून टाका. ते डॉक्टर दूर पडत असतील तर केईएम, सायन, नायर इथे मनोविकार विभाग आहेत; सकाळी लवकर जा, केसपेपरच्या रांगेत वेळ जातो. दादाला कधी, कसं सांगायचं हे त्यांच्याशी ठरवा, जमलं तर त्यांच्यासमोरच सांगा. तो चिडेल. काही दिवस स्वतःचा चहा स्वतः करून पिईल. पिऊ दे.

मग त्याला एकच विचार: गोळ्यांचं नेमकं काय नको होतं? दिवसभरची झोप, पोट सुटणं, हात आखडणं, पायांत स्वस्थ बसू न देणारी तगमग, की लाजेने सांगता न येणारी लैंगिक अडचण? यातल्या बऱ्याच गोष्टींवर डोस किंवा वेळ बदलून, नाहीतर औषधच बदलून मार्ग निघतो. रोजची गोळी जाचत असेल तर काही औषधांची महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं मिळतात. पहिल्या झटक्यानंतर बरं वाटू लागलं तरी साधारण वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवायला सांगतात. मध्येच सोडलं तर आजार कधीकधी काही महिन्यांनी उलटतो, त्यामुळे गोळी सोडल्यानेच झालं हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

एक गोष्ट घरोघरी माहीत नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे दादा आत्ता, बरा असतानाच लिहून ठेवू शकतो की पुन्हा बिघडलं तर कोणते उपचार चालतील, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं. हा कागद त्याच्यासोबत बसून करा. आपलं कोणी ऐकतं हे कळल्यावर गोळीवरून होणारी भांडणं निम्मी होतात, असं मी पाहिलंय.

आईला ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेतल्या, रुग्णांच्या नातेवाइकांच्या स्वमदत गटात घेऊन जा. तिला तिच्यासारख्याच बायका भेटतील.

दादाची झोप पुन्हा उडाली, तो एकटाच बोलू लागला, तर भेटीच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. तो मरणाची भाषा करू लागला किंवा फक्त त्यालाच ऐकू येणारे आवाज त्याला काही करायचा हुकूम देऊ लागले, तर थेट जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तो आईच्या मोबाइलमध्ये आजच सेव्ह करून दे.