अनुदान मुलीचे, हप्ता क्लासचा

पुण्यातील वारजे येथील एका पालकांचे पत्र आले आहे. ते वायरिंगची कामे घेतात. त्यांची मुलगी अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञान शाखेत शिकते आणि तिला नववीपासून एनएमएमएस ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठीची केंद्र शासनाची शिष्यवृत्ती मिळते. यंदा एका स्थानिक विश्वस्त संस्थेने दिव्यांगांच्या शिक्षणात रस असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीचे २५,००० रुपयांचे अनुदान तिला दिले. वर्षअखेरीस खर्चाचा हिशेब आणि केलेल्या कामाचे टिपण द्यावे, अशी त्या संस्थेची अट आहे. पालक लिहितात: "ती रक्कम आम्ही नीटच्या क्लासच्या पहिल्या हप्त्यात भरली. आता हिशेब कसा दाखवावा? तिला इंटिग्रेटेड कॉलेजात हलवावे का? सेवा केंद्रवाल्याने 'दिव्यांग' शब्द असलेल्या योजनांची यादी दिली आहे, त्यांतील कोणत्या मिळतील? यंदाची एनएमएमएसची रक्कमही आलेली नाही. अंध मुलांना शिकवायची तिची हौस आहे, ती रविवारीही भागेल."

महोदय,

'हिशेब कसा दाखवावा' या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. झालेल्या खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. दाखवावा लागतो तो न झालेल्या खर्चाचा. खोट्या पावत्या जोडण्याचा तुमचा विचार आहे असे मी गृहीत धरत नाही, तरीही स्पष्ट लिहितो की त्या कागदावर सही तुमच्या मुलीची असणार आहे. आयुष्यातील पहिलाच आर्थिक हिशेब तिने खोटा द्यावा, अशी वेळ तिच्यावर आणू नका.

तुम्ही पत्रासोबत तिच्या वहीतील एका पानाची छायाप्रत पाठवली आहे, 'ती किती हळवी आहे ते पाहा' अशी टीप लिहून. मी ते पान नीट पाहिले. नववीत असताना ती दहावीच्या एका अंध विद्यार्थिनीची लेखनिक, म्हणजे परीक्षेत तिने सांगितलेली उत्तरे लिहून देणारी, होती (लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतील असावा लागतो, म्हणून ही संधी तिला मिळाली). तिने लिहिले आहे: "ताईने सांगितलेले एक उत्तर चुकीचे आहे असे मला वाटले. मी तसेच लिहिले. घरी येऊन पुस्तक उघडले, तर ताईचेच बरोबर होते." त्याखाली तिने ब्रेलची काही अक्षरे सहा टिंबांच्या चौकटीत काढली आहेत, आणि प्रत्येक अक्षर दोनदा काढले आहे. पाटीवर स्टायलसने, म्हणजे टोचणीने, ब्रेल उजवीकडून डावीकडे टोचत जावे लागते, कारण कागद उलटल्यावर उमटलेले उंचवटे डावीकडून उजवीकडे वाचायचे असतात. म्हणून एक आकृती टोचण्याची आणि दुसरी वाचण्याची. हे तिला कोणी शिकवलेले दिसत नाही. दुसऱ्याच्या उत्तरात ढवळाढवळ न करणारी, पण घरी येऊन ते पडताळून पाहणारी मुलगी मला हळवी वाटत नाही. तिच्यात शिक्षकाची शिस्त आहे. पानाच्या कोपऱ्यात तिने अनुदानातून घ्यायच्या वस्तूंची यादीही केली आहे: ब्रेल पाटी, स्टायलस, जाड कागद, वारजे ते कोथरूड बसभाडे. यांतील एकही वस्तू घेतली गेली नाही, कारण पैसे क्लासला गेले.

तुमच्या पत्रात 'आम्ही ठरवले' हे शब्द चार ठिकाणी आहेत. 'तिला विचारले' असे एकदाही नाही. दिवसभर शिडीवर उभे राहून काम करणाऱ्या वडिलांना मुलीने डॉक्टर व्हावे असे वाटणे मला समजते आणि त्या इच्छेबद्दल मला आदर आहे. मात्र ही रक्कम घरखर्चातून उरलेली नाही. तिने स्वतः अर्ज लिहिला, स्वतः मुलाखत दिली आणि तिच्या एका विशिष्ट ओढीवर विश्वास ठेवून परक्या माणसांनी ती दिली. ती दुसरीकडे वळवल्याने अट मोडली हे खरेच आहे, पण त्याहून मोठी गोष्ट तुमच्या मुलीला कळली आहे: आपण मिळवलेल्या गोष्टीवरही घरात आपला शब्द चालत नाही. माझ्यासमोर बसून बारावीनंतर 'काहीही चालेल' असे म्हणणारी अनेक मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या घरी अशीच एखादी गोष्ट आधी घडून गेलेली असते.

आता रविवारच्या हौसेविषयी, कारण हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. विशेष शिक्षण म्हणजे दयाळू माणसाने सवडीने करायची सेवा, असे आपल्याकडे सुशिक्षित लोकही मानतात. प्रत्यक्षात भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ साली झाला, आणि त्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून व्यवसाय करणे हा त्या कायद्याने दंडनीय गुन्हा आहे. बारावीनंतर दोन वर्षांची विशेष शिक्षणातील पदविका किंवा पदवीनंतर विशेष शिक्षणातील बी.एड. करावे लागते, आणि दृष्टिदोष, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता अशा क्षेत्रांचे प्रशिक्षण स्वतंत्र असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने पूर्वीच्या ७ ऐवजी २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली. प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील शालेय स्तरावर १५ मागे एक विशेष शिक्षक असावा, या प्रमाणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हाताळला, आणि मार्च २०२५ मध्ये सर्व राज्यांना अशी पदे मंजूर करून जाहीर करण्याचे आदेश दिले. आदेश निघाला म्हणजे उद्या नेमणूक होते, असे मी म्हणणार नाही; या क्षेत्रातील अनेकांनी वर्षानुवर्षे कंत्राटावर काम केले आहे आणि ते तुमच्या मुलीलाही आधीच माहीत असावे. पण ज्या कामासाठी कायदा, प्रशिक्षण आणि नोंदणी आहे, त्याला हौस म्हणू नका. तिची विज्ञान शाखाही वाया जाणार नाही. अंध मुलांना गणित आणि विज्ञान नको म्हणून सोडायला लावले जाते, ते पुष्कळदा शिकवणाऱ्याची तयारी नसल्यामुळे. गणितासाठी ब्रेलमध्ये नेमेथ ही स्वतंत्र चिन्हपद्धती आहे. विज्ञानाची पदवी आणि ती पद्धती, दोन्ही हाताशी असलेली शिक्षिका कोणत्याही शाळेला हवी असेल.

'नीट' परीक्षा द्यायची तिची स्वतःची इच्छा असेल तर तिने ती जरूर द्यावी; तो मार्ग तुम्हाला ठाऊक आहेच.

इंटिग्रेटेड कॉलेजाचा, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्या, बहुधा विनाअनुदानित महाविद्यालयाचा विचार मात्र आज थांबवा. एनएमएमएस ही शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. विनाअनुदानित महाविद्यालयात प्रवेश घेतलात तर वर्षाचे १२,००० रुपये बंद होतील आणि वर लाखांत शुल्क भरावे लागेल. यंदाची रक्कम न येण्याचे कारण बहुधा साधे असावे. विश्वस्त संस्थेचा धनादेश भरण्यासाठी तुम्ही तिचे नवे खाते उघडले, असे पत्रात आहे. त्या वेळी आधार नव्या खात्याशी जोडले गेले असेल, तर शासनाचे पैसे जुन्या पासबुकात दिसणारच नाहीत, कारण ते सर्वांत शेवटी आधार जोडलेल्या खात्यात जातात. आधी नवे पासबुक भरून आणा. तिथेही नोंद नसेल, तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर यंदाच्या नूतनीकरणाचा अर्ज भरला होता का आणि महाविद्यालयाने तो पडताळला का, हे विचारा. हा अर्ज दर वर्षी करावा लागतो.

सेवा केंद्रवाल्याची ती यादी बाजूला ठेवा. तिच्यातील केंद्र शासनाच्या मॅट्रिकपूर्व आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. दिव्यांगांना शिकवू इच्छिणाऱ्यांचा त्यांवर हक्क नाही. 'प्रमाणपत्राचे बघू' असे कोणी म्हणाले, तर तिथून उठून या. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतल्यास २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि शिक्षेचा विषय सोडला तरी, ज्या मुलांना तुमच्या मुलीला शिकवायचे आहे, त्यांच्याच ताटातला तो घास असेल.

राहिला २५,००० रुपयांचा प्रश्न. या आठवड्यात त्या विश्वस्त संस्थेला पत्र लिहा, आणि ते तुम्ही लिहा, तिला लिहायला लावू नका. रक्कम दुसऱ्या कामासाठी वापरली गेली, निर्णय माझा होता, मुलीचा नव्हता, आणि अमुक महिन्यांत ती तिच्या खात्यात परत भरतो, एवढेच साध्या शब्दांत लिहा. तुमच्या उत्पन्नात एकरकमी भरणे अवघड आहे हे मी जाणतो, म्हणून हप्ते मागायला संकोच करू नका. संस्था रक्कम परतही मागू शकते. तसे झाले तर तेही मान्य करावे लागेल. क्लास सुरू ठेवायचा की नाही, हे मुलीला विचारा. तिला नको असेल तर शुल्क परत मिळण्यासाठी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पूर्ण शुल्क भरून मध्येच क्लास सोडणाऱ्याला उरलेल्या काळाचे पैसे १० दिवसांत परत करावेत, असे केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे; तुम्ही हप्ता भरला आहे, तरी त्याचा आधार घेऊन मागणी करता येईल.

यापुढे अनुदानाचे खाते तिचे तिला चालवू द्या. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःचे बचत खाते स्वतः वापरता येते. एटीएम कार्ड तुमच्या पाकिटात असेल तर ते आज तिच्याकडे द्या. तिने एक साधी वही करावी: तारीख, कशासाठी, किती, पावती क्रमांक, आणि शेवटच्या रकान्यात 'यातून काय शिकले' याची एक ओळ. बसच्या तिकिटाचाही कागद त्याच दिवशी चिकटवावा, कारण त्यावरची शाई काही महिन्यांत उडून जाते आणि वर्षअखेरीस हातात कोरे चिटोरे राहते. महागड्या वस्तूंची घाई नको. अंध मुलींच्या शाळेत वर्ग पाहण्याचे किमान दहा दिवस झाल्याशिवाय पाटी, स्टायलस, कागद आणि प्रवास याखेरीज एक रुपयाही खर्चू नये. काय हवे आहे ते तिला तिथेच कळेल.

कोथरूडला अंध मुलींची शाळा आहे आणि ती तुमच्या घरापासून लांब नाही. मुख्याध्यापकांना आधी पत्र देऊन निरीक्षणाची परवानगी घ्या. पहिल्या दिवशी एक काम सोडून तुम्हीही तिच्यासोबत जा आणि त्यांची हरकत नसेल तर एक तास वर्गात मागच्या बाकावर बसा. तिथे मुली कागदावर बोटे फिरवून वाचत असतील. त्यांतील एखादीला तुमची मुलगी काही सांगू लागली, तर तुम्ही तेव्हा काहीच बोलू नका, फक्त ऐका.