घाटात काटा वर जातो

प्रश्न : नुकतीच जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली. यवतेश्वर घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर सरकतो. आधीचे मालक रेडिएटरमध्ये बोअरचंच पाणी घालत. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुखणे बहुधा त्या पाण्यातच आहे. बोअरच्या क्षारांनी रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात, आतून गंज धरतो. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडा. जुने पाणी काढून डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा फ्लश करा. मग कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा. 'प्रीमिक्स' (आधीच पाणी मिसळलेले कूलंट) असेल तर त्यात थेंबभरही पाणी नको. झाकण उघडे ठेवून हीटर पूर्ण गरमवर लावा, इंजिन चालू ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. अडकलेली हवा राहिली की काटा पुन्हा चढतो.

त्यानंतर गाडी जागेवर चालू ठेवून रेडिएटरचा पंखा फिरतो का पाहा. नाही फिरला तर आधी फ्यूज आणि रिले (पंख्याला वीज देणारा स्विच) तपासा. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर तेही बदला. दाब टिकला नाही तर कूलंट लवकर उकळते.

गळती दिसत नाही, तरी पातळी घटतेय? डिपस्टिक (इंजिन ऑइल तपासायची पट्टी) काढा. ऑइल दुधाळ असेल तर हेड गॅस्केट (इंजिनमधले कूलंट आणि ऑइल वेगळे ठेवणारे सील) गेले समजा आणि गाडी चालवत नव्हे, टो करून गॅरेजला न्या.