छोट्या रिसर्च ग्रँटसाठी अर्ज करताय? विषय आपल्या काउंटरवरच शोधा

तुम्ही विचारलंय की मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजमधे ग्रंथपाल आहे, पहिल्यांदाच मायनर रिसर्च प्रोजेक्ट टाकायचाय, विषय सुचत नाही, बजेट कसं मांडायचं कळत नाही, आणि स्टाफरूममधे लोक म्हणतात लायब्ररीत कसलं संशोधन करणार. मी पण मुंबईतच कॉलेजची ग्रंथपाल आहे, अशी छोटी ग्रँट घेऊन काम पूर्ण केलंय, नंतर बऱ्याच जणांचे अर्ज पाठवण्याआधी वाचूनही दिलेत, त्यावरून सांगते.

स्टाफरूमचं आधी. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे रंगनाथन मूळचे गणिताचे, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं आली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवा. आता वेळ वाचतोय की नाही हे मोजल्याशिवाय कळणार कसं? आणि मोजायला लागणाऱ्या नोंदी तुमच्याकडेच आहेत, कॉलेजात दुसऱ्या कुणाकडे नाहीत. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मधे शिक्षकाच्या व्याख्येत कॉलेजचा ग्रंथपाल येतो, त्यामुळे सर्क्युलरवर ‘शिक्षकांसाठी’ असं दिसलं की आपलं नाही म्हणून बाजूला सारू नका, पात्रतेची ओळ नीट वाचा. असिस्टंट आणि अटेंडंट मात्र शिक्षकेतर धरले जातात, त्यांना बहुतेक वेळा स्वतःच्या नावाने अर्ज टाकता येत नाही, आणि मला हे मनापासून खटकतं कारण रॅकमधे काय हलतं आणि काय वर्षानुवर्षं धूळ खातं हे त्यांनाच सगळ्यात चांगलं माहीत असतं. म्हणून त्यांना प्रोजेक्टमधे घ्या, काम वाटून द्या आणि रिपोर्टमधे त्यांचं नाव छापा.

कुठे अर्ज करायचा तर पहिल्यांदा मुंबई विद्यापीठाचीच मायनर प्रोजेक्टची योजना बघा, अर्ज कॉलेजमार्फत जातो. रक्कम छोटी असते पण हिशोबाची सवय होते. पुढे आयसीएसएसआर, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था, आहे, त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र कलिन्यालाच विद्यानगरीत आहे, एकदा जाऊन या.

आता खरी गोष्ट, विषय. ‘मुंबईतील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या सेवांचा चिकित्सक अभ्यास’ असले विषय कृपा करून घेऊ नका. ते एका माणसाच्या आणि एका वर्षाच्या आवाक्यातलं काम नाही, वाचणाऱ्यालाही पहिल्या ओळीतच कळतं की शेवटी ‘८० टक्के विद्यार्थी समाधानी’ छापाचं काहीतरी येणार. त्याऐवजी रोज काउंटरवर जे डोळ्यांसमोर घडतं त्यातला एक प्रश्न पकडा.

उदाहरण देते. कॉमर्सचं सकाळचं सेशन घ्या, पहिलं लेक्चर सातला, मुलगा बदलापूर नाहीतर विरारहून पहाटेची लोकल पकडून आलेला, दहाला लेक्चर सुटलं की साडेदहाला थेट कामावर, आणि आपला देवघेवीचा काउंटर उघडतो दहाला. म्हणजे त्याच्या हातात अर्धा तास, त्यात रांग. मग आपण म्हणतो हल्लीची मुलं वाचत नाहीत! प्रश्न असा होईल: काउंटर सकाळी साडेसातला उघडला तर प्रथम वर्षाच्या मुलांची घरी पुस्तकं नेण्याची संख्या बदलते का? एक टर्म काउंटर लवकर उघडायचा आणि आकडे मागच्या वर्षीच्या त्याच टर्मशी ताडून बघायचे. लगेच आधीच्या टर्मशी ताडलंत तर परीक्षेच्या आधीची गर्दी मधे येते आणि फरक वेळेमुळे पडला की परीक्षेमुळे हे सांगता येत नाही. आणि मागच्या वर्षीपेक्षा प्रवेशच जास्त झाले असतील तर नुसती पुस्तकं मोजून भागणार नाही, दर शंभर मुलांमागे किती असं काढा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाचा एखादा दुपारच्या सेशनचा वर्ग बाजूला ताडायला ठेवा, ज्यांना या बदलाचा काही फायदा नाही. एवढं अर्जात लिहिलंत की वाचणाऱ्याला दिसतं की या माणसाने विचार केलाय.

कोहा (देवघेवीच्या नोंदी ठेवणारं लायब्ररीचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर रिपोर्ट्समधून तारीख, वेळ आणि वर्ग एवढंच काढा, नाव आणि मेंबर नंबर काढूच नका. कुणी कुठलं पुस्तक नेलं ही त्या मुलाची खासगी गोष्ट आहे, आपण ती सांभाळायला बसलोय, आणि अर्जात हे दोन वाक्यांत लिहाच. प्रश्नावली घेणार असाल तर संमतीची ओळ वर टाका, अकरावी-बारावीची मुलं घेतलीत तर पालकांची परवानगी लागेल, म्हणून पहिल्या प्रोजेक्टला डिग्रीचीच मुलं घ्या. आणि गूगल फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं नाही, कारण तो भरतात जी मुलं आधीच लायब्ररीत येतात. न येणारी मुलं वर्गात भेटतात, एखाद्या शिक्षकांकडून लेक्चरची शेवटची दहा मिनिटं मागून घ्या आणि कागदावर भरून घ्या.

बजेट आधी ठरवून मग विषय त्यात बसवू नका, उलट करा. वरच्या प्रश्नाला काय लागेल? सकाळी काउंटरवर बसणाऱ्याला मानधन, प्रश्नावलीची छपाई, डेटा एंट्री, थोडा प्रवास, शेवटी रिपोर्टचं बाइंडिंग. बस. लॅपटॉप आणि प्रिंटर टाकायचा मोह होतो, पण छोट्या ग्रँटमधे निम्मे पैसे वस्तूत गेलेले दिसले की पहिली कात्री तिथेच लागते, आणि वस्तू तशीही कॉलेजच्या मालकीची होते. प्रत्येक रकमेपुढे ती कशी आली ते लिहा, इतके तास गुणिले इतका दर, नुसतं ‘संकीर्ण’ म्हणून मोठा आकडा टाकू नका.

अर्ज करायच्या आधी कॉलेजच्या अकाउंट्समधल्या क्लार्कना भेटा, हे फार महत्त्वाचं आहे. पैसे तुमच्या खात्यात नाही, कॉलेजच्या खात्यात येतात, तिथून व्हाउचरवर निघतात, आणि प्रक्रिया माहीत नसेल तर महिनोन्‌महिने पदरमोड होते. बिल कॉलेजच्या नावाने हवं, वस्तू किंवा पुस्तक घेतलं तर बिलावर स्टॉक एंट्रीचा नंबर हवा, आणि शेवटी युटिलायझेशन सर्टिफिकेटवर, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्च झाले या दाखल्यावर, प्राचार्यांची आणि सीएची सही लागते. सीए मार्च-एप्रिलमधे कुणाला भेटत नाहीत, ते काम आधी उरका. प्राचार्यांचं फॉरवर्डिंग लेटर पण शेवटच्या दिवसावर ठेवू नका, नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, तपासणी असेल तर त्यांच्या केबिनबाहेर बसून राहावं लागतं. आणि काउंटरची वेळ बदलायची असेल तर त्याची लेखी परवानगी त्याच भेटीत घ्या.

आधीचं संशोधन बघायला शोधगंगा ही पीएचडी प्रबंधांची वेबसाइट आहेच, शिवाय ‘ॲनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज’ आणि डेसिडॉकचं (डीआरडीओचं माहिती केंद्र) ग्रंथालयशास्त्राचं जर्नल दोन्ही ऑनलाइन फुकट वाचता येतात. पाच-सहा चांगले लेख नीट वाचलेले पुरतात, पन्नास नावांची यादी नको.

उद्या कामावर गेलात की मागच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टचा देवघेवीचा रिपोर्ट तासानुसार काढून बघा. सकाळचं सेशन तुमच्याकडे नसेलही, मग दुसरं काहीतरी दिसेल, एन-लिस्टचा (कॉलेजांना ई-बुक्स आणि ई-जर्नल्स देणारी योजना) पासवर्ड घेतलेल्या किती जणांनी तो खरंच वापरला हासुद्धा चांगला प्रश्न आहे. प्रश्न दोन ओळींत मांडता आला की इथेच लिहा, मी वाचून सांगते.